दाजींचा रिपोर्ट आणि घरातली बाकीची मंडळी

मिरजेत कुठल्याही चौकात उभं राहिलं की एक हॉस्पिटल, दोन मेडिकल आणि एखादी लॅब नजरेच्या टप्प्यात असतेच. वान्लेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून गावाला लागलेलं हे वळण आहे. सितार आणि तंबोरे बनवणारी गल्ली पाहायला येणारे कमी, पोटरीची शीर नाहीतर पित्ताशयातला खडा दाखवायला येणारे जास्त. विजापूर-बेळगावकडूनही माणसं येतात. अशाच एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी रक्त काढायचं, दुपारी मशिनवर बसायचं, संध्याकाळी काउंटरवर रिपोर्ट द्यायचे. त्यातलं काउंटरवरचं काम सगळ्यांत अवघड, कारण रिपोर्ट वाचून डॉक्टर काय ते सांगतील, असं म्हणायची आम्हाला सक्त ताकीद असते आणि समोरचा माणूस आमच्याच तोंडाकडे बघत असतो.

ऑपरेशन हर्नियाचं असो, मोतीबिंदूचं असो नाहीतर सिझेरियन, आधी तीन तपासण्या सांगतात. एचआयव्ही, एचसीव्ही आणि एचबीएसएजी. मधली हेपटायटिस सीची, शेवटची हेपटायटिस बीची, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या बी विषाणूची. बहुतेकांना आपल्या अंगात हा विषाणू आहे हे असं भलत्याच कामासाठी रक्त दिल्यावर कळतं. काहींना रक्तदान शिबिरानंतर ब्लड बँकेतून फोन येतो. रॅपिड कार्डावर थेंबभर सीरम टाकायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ‘सी’समोर गुलाबी रेघ उमटली की कार्ड ठीक आहे, ‘टी’समोर दुसरी उमटली की पॉझिटिव्ह. ही दुसरी रेघ कधी ठसठशीत येते, कधी इतकी पुसट, की कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघावं लागतं. पुसट असली तरी रेघ म्हणजे रेघ. मग तोच नमुना एलायझावर, म्हणजे जास्त खात्रीच्या तपासणीवर, पुन्हा लावायचा.

पॉझिटिव्ह आलेला माणूस काउंटरवर वाकून पहिलं विचारतो, “एड्स तर नाही ना मॅडम?” नाही म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्या वेळी मला काही बोलावंसं वाटतं, पण रांग असते. लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, हेपटायटिस बी लागण्याची ३० टक्क्यांपर्यंत जाते. आम्ही लॅबमध्ये चिकटलो की पहिल्यांदा दंड पुढे करून बीची लस घेतो ती उगीच नाही. दुसरा प्रश्नही ठरलेला. “पण मला कावीळ कधी झालीच नाही की!”

यात लोकांचा दोष नाही. सांगली-मिरजेत पावसाळा संपता संपता कावीळ येते ती पाण्यातून. २०१९ च्या महापुरानंतर तर घराघरांत पाणी उकळा, क्लोरीनच्या गोळ्या टाका, हेच चाललं होतं. ती हेपटायटिस ए आणि ई. दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जाते, डोळे पिवळे करते, आणि बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते. ई गरोदर बाईला जिवावर बेतू शकते, ते वेगळं. बीचा पाण्याशी काही संबंध नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो. आणि डोळे पिवळे न करता तीस-चाळीस वर्षं मुक्काम ठोकू शकतो.

हे सगळं मी काउंटरवर तुकड्या-तुकड्यांत शेकडो लोकांना सांगितलं असेल. सलग बसून सांगायची वेळ आली ती माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी.

आक्का तासगाव तालुक्यात दिलेली. दाजींची द्राक्षबाग आहे. वय सत्तावन्न, अंगानं काटक, द्राक्षाचे क्रेट उचलून उचलून हर्निया झालेला. बरेच दिवस पट्टा बांधून चालवलं, शेवटी ऑक्टोबर छाटणीच्या आधी ऑपरेशन करून मोकळं व्हायचं ठरवलं. ज्या हॉस्पिटलात गेले, तिथं रक्त तपासलं आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघालं. तिथल्या माणसानं फाइल परत हातात दिली. आधी लिव्हरवाल्याला दाखवा, म्हणाला, आणि ऑपरेशन करायचंच तर शेवटचा नंबर लागेल, किटचे, म्हणजे डॉक्टर-नर्सच्या एकदाच वापरायच्या गाऊन-हातमोज्यांचे, पैसे वेगळे पडतील. एवढंच. हा आजार काय आहे, घरात काय काळजी घ्यायची, यावर अवाक्षर नाही. या ‘किट’चा मला मनापासून राग येतो. प्रत्येक पेशंटचं रक्त दूषितच आहे असं धरून काम करायचं, हा नियम आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. ज्याची तपासणी झाली त्याच्यापुरतंच सावध राहायचं आणि बाकीच्यांना मोकळ्या हातानं हाताळायचं, याला काय अर्थ आहे?

दाजींनी घरी येऊन फक्त एवढं सांगितलं की रक्तात कावीळ निघाली. मी रविवारी गेले तेव्हा ते पडवीत एकटेच जेवत होते. आक्कानं त्यांचं ताट, वाटी, तांब्या सगळं वेगळं केलं होतं. ओळखू यावं म्हणून ताटाच्या मागं सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. लग्नात आलेलं ते स्टीलचं ताट, कडेला देणाऱ्याचं नाव कोरलेलं, आणि पाठीवर हा ठिपका. मी आत जाऊन सुनेकडून रिमूव्हर मागितला, कापसाच्या बोळ्यानं तो ठिपका पुसला आणि ताट बाकीच्या ताटांत ठेवून दिलं. आक्का बघत राहिली. “अगं, पण पोरं हायत घरात,” म्हणाली.

पोरांना तिनं भलत्याच ठिकाणी जपलं होतं. एका ताटात जेवल्यानं, एका तांब्यानं पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं, एकाच संडासात गेल्यानं बी पसरत नाही. पण न्हाणीघरातल्या कोनाड्यात बघितलं तर दाढीचा एकच रेझर, बाप आणि दोन्ही मुलगे वापरणारे. नखं काढायचं नेलकटर घराला एक. तुरटीचा खडा एक, ज्याला कापेल त्यानं घासायचा. वाळलेल्या रक्तात हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेल एवढा असावा लागतो असंही नाही. म्हणजे भीती होती ती ताटाला, आणि धोका होता तो कोनाड्यात. दाजींचा रेझर, ब्रश, नेलकटर वेगळं करायला सांगितलं. कुठं कापलं तर पट्टी लावायची, रक्त सांडलं तर ब्लीचच्या पाण्यानं पुसायचं. यापलीकडं घरात काही बदलायची गरज नव्हती.

दाजींचं म्हणणं वेगळंच होतं. “मला काय बी होत नाही. दोन पोती उचलतोय अजून. मशिन चुकलं असंल.”

मशिन चुकलं नव्हतं. पण पॉझिटिव्ह या एका शब्दावरून लिव्हरचं काय चाललंय ते कळत नाही, हेही खरं. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या कवचाचं प्रथिन. ते रक्तात सापडलं की विषाणू आहे, एवढंच समजतं. सहा महिन्यांनंतरही ते तसंच राहिलं तर आजार जुनाट धरतात. तो किती जोरात वाढतोय ते व्हायरल लोड, म्हणजे डीएनएची तपासणी सांगते. लिव्हरच्या पेशी मरतायत का, ते एसजीपीटी आणि एसजीओटी या पेशींतून रक्तात गळणाऱ्या एन्झाइमांवरून दिसतं. लिव्हर आपलं काम करतंय का, ते अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यावरून. आणि आत किती व्रण पडलेत ते फायब्रोस्कॅनवर, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या मशिनवर. लोक एक रिपोर्ट घेऊन एकतर हबकतात नाहीतर विसरून जातात. मला विचाराल तर दुसरे जास्त आणि जास्त धोक्यात, कारण काही दुखतच नाही.

लिव्हरला आतून दुखणं कळत नाही. उजव्या बरगड्यांखाली दीड किलोचा हा अवयव. रक्तातली साखर साठवतो, पित्त करतो, अल्ब्युमिन करतो, रक्त गोठवणारी प्रथिनं करतो, आतड्यातून आलेला अमोनिया निकामी करतो. बराचसा भाग खराब झाला तरी उरलेल्यावर गाडा ओढत राहतो. आणि गंमत अशी, की हेपटायटिस बीचा विषाणू स्वतः पेशी मारत नाही. तो पेशीत शिरतो आणि आपल्या प्रती काढत बसतो. मारतात त्या आपल्याच शरीराच्या पांढऱ्या पेशी. विषाणू बसलेली पेशी दिसली की तिच्यावर तुटून पडतात. हल्ला, जखम, व्रण. पुन्हा हल्ला, पुन्हा जखम. असं वर्षानुवर्षं चाललं की लिव्हर गाठाळ, कडक होतं. तेच सिरॉसिस. मग आतड्याकडून येणारं रक्त त्या कडक लिव्हरमधून नीट पुढं जाईना की मागं दाब वाढतो. प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद दिवशी फुटून रक्ताची उलटी होते, पोटात पाणी भरतं, अमोनिया डोक्यात जाऊन माणूस असंबद्ध बोलायला लागतो. लिव्हरचा कॅन्सर हा पुढचा धोका. बीमध्ये तो कधी कधी सिरॉसिस नसतानाही होतो.

दाजींचे सगळे नमुने मी स्वतः काढले. एसजीपीटी ७४, एसजीओटी ६६. फार नाही. एखादा म्हणेल, जरा वाढलंय, होईल कमी. माझी नजर गेली ती प्लेटलेटवर. एक लाख तीस हजार. डेंग्यू नाही, ताप नाही, मग प्लेटलेट कमी का? आक्काच्या ओट्यावरच दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी आकडेमोड केली. एसजीओटीला प्रयोगशाळेनं नॉर्मल धरलेल्या वरच्या मर्यादेनं भागायचं, ६६ भागिले ४०, म्हणजे १.६५. त्याला शंभरनं गुणायचं आणि हजारांत मांडलेल्या प्लेटलेटनं, १३० नं भागायचं. उत्तर आलं १.२७. याला अ‍ॅप्री म्हणतात. ज्या गावात साधी सोनोग्राफी मिळत नाही तिथंही दोन स्वस्त तपासण्यांवरून लिव्हरचा अंदाज यावा म्हणून ही रीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये नव्यानं सांगितलं त्याप्रमाणे मोठ्या माणसात हा आकडा ०.५ च्या वर गेला तर औषध सुरू करा, आणि १ च्या वर गेला तर सिरॉसिस धरून चाला. फायब्रोस्कॅनवर १३.८ किलोपास्कल आलं. तिथं १२.५ च्या वर सिरॉसिस. म्हणजे दोन पोती उचलणाऱ्या, कधी आडवं न पडलेल्या माणसाचं लिव्हर आतून पार राकट झालेलं.

दाजी दारू जत्रेला आणि हुरड्याला घेणारे, रोजचे नव्हेत. तीही बंद झाली. पण या वयात, अशा लिव्हरवर, एवढा जुना आजार आला कुठून, हा प्रश्न मला सुटेना. मोठेपणी बीची लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी लोकांत तो कायमचा राहतो. बाकीच्यांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर मात्र उलटं. नव्वद टक्के बाळांत तो कायमचा राहतो, कारण तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही. वर्षानुवर्षं दोघं सुखानं नांदतात. मग तिशी-चाळिशीत कधीतरी ओळख पटते आणि भांडण सुरू होतं.

मी आक्काला विचारलं, “तुझ्या सासूबाई कशानं गेल्या गं?”

“पोटात पाणी झालं होतं. जलोदर.”

त्या माउलीनं आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. तरी गावात कुजबुज झालीच होती म्हणे, की असं पोट दारुड्याचंच फुगतं. त्यांच्या आजारपणात जे व्हायचं ते सगळं झालं होतं. कुणीतरी काविळीची माळ घालून घेतली. डोक्यावर ठेवायची आणि ती वाढत वाढत गळ्यात, मग पोटापर्यंत उतरली की आजार उतरला. काडीच्या बारक्या तुकड्यांना सैल गाठी मारलेल्या असतात, तुकडे सुकले की गाठी ढिल्या होतात आणि माळ लांबते. निरोग्याच्या डोक्यावर ठेवली तरी लांबते, खुंटीवर टांगली तरी. हात चुन्याच्या पाण्यानं धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणारेही असतात. आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर आमच्या मिरजेच्या मेडिकल कॉलेजातूनच डॉक्टर झाले होते, आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं हे प्रकार गावोगाव उघडे पाडले. तरी माळा अजून विकल्या जातात. त्या ‘लागू’ पडतात, कारण पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकांची आपसूकच बरी होते, आणि श्रेय माळेला मिळतं. बीचा पेशंट माळ घालून घरी येतो तेव्हा त्याला आधीही काही होत नसतं आणि नंतरही.

सासूबाईंचं रक्त कधी कुणी तपासलं नाही, त्यामुळे आता सिद्ध काहीच करता येणार नाही. पण जिवंत माणसं तपासता येतात. पुढच्या रविवारी मी सुया, लाल आणि जांभळ्या टोपणांच्या ट्यूबा आणि आइस पॅकचा डबा घेऊन गेले. आक्का, दोन्ही मुलं, सून, शेजारच्या वाड्यातले दाजींचे थोरले भाऊ, त्यांची बायको-मुलं, आणि विट्याला दिलेली दाजींची बहीण, सगळ्यांना बोलावून घेतलं. पडवीत रांग लागली. थोरले म्हणाले, आमचं काय दुखतंय म्हणून रक्त द्यायचं? त्यांच्या बायकोनंच त्यांचा हात धरून पुढं केला.

थोरल्यांच्या कार्डावर दुसरी रेघ ठसठशीत आली. विट्याच्या बहिणीच्याही. एकाच आईची तीन लेकरं, तिघंही पॉझिटिव्ह. मुलं सगळी निगेटिव्ह, पण अंगात प्रतिकारशक्तीही नाही. ती जन्मली तेव्हा सरकारी लसीकरणात बी नव्हता. त्यांना तीन डोस सुरू केले. आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी.

मला सगळ्यांत विलक्षण वाटला तो आक्काचा रिपोर्ट. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि कवचाविरुद्धचीही. लसीनं फक्त कवचाविरुद्धची तयार होते. गाभ्याविरुद्धची अंगात असेल तर खरा विषाणू कधीतरी येऊन गेलेला असतो. म्हणजे लग्न होऊन या घरात आल्यावर आक्काला लागण झाली असणार, तिच्या शरीरानं लढून तो परतवला, आणि तिला पत्ताही नाही. कधीतरी आठवडाभर जेवण गेलं नसेल, अंग मोडून आलं असेल, बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सोडून दिलं असेल. “बघ, मी न सांगता बरी झाले,” असं ती अजून सगळ्यांना सांगते. तिला भविष्यात कधी केमोथेरपी नाहीतर जोरकस स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर हे आठवणीनं डॉक्टरांना सांगायचं, हे मात्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण परतवलेला विषाणूही अशा वेळी डोकं वर काढू शकतो.

याचं कारण तेच, ज्याच्यामुळं बी मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. विषाणू आपल्या डीएनएची एक गोल प्रत थेट पेशीच्या केंद्रकात नेऊन ठेवतो. औषधानं रक्तातला विषाणू जवळजवळ शून्यावर येतो, ही प्रत तशीच राहते. दाजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे हरळी.” वरून कितीही खुरपली तरी मुळी जमिनीत. मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं.

औषध साधं आहे. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, रोज एक गोळी. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस कार्यक्रमात तपासण्या आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दाजी महिन्याला सांगलीला जातात, गोळ्या घेतात आणि येताना भडंग आणतात. डिसेंबरपर्यंत व्हायरल लोड मोजता येणार नाही इतका खाली आला, एसजीपीटी ३१. लगेच प्रश्न आला, आता गोळी कशाला? हा प्रश्न काउंटरवरही रोज असतो. गोळी अचानक बंद केली की दबलेला विषाणू उसळतो, आणि ज्याचं लिव्हर आधीच कडक आहे तो त्या उसळीत जाऊ शकतो. पैसे संपले, गावाला गेलो, बरं वाटलं, कुणी काढा दिला, अशा कारणांनी गोळी सोडलेली माणसं पिवळीजर्द होऊन ॲडमिट झालेली मी पाहिली आहेत. काढ्यावरून आठवलं. करोनाच्या काळात लोक गुळवेल पाण्यासारखा पीत होते, तेव्हा मुंबईच्या लिव्हर डॉक्टरांनी गुळवेलीनं लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले होते. सांगली हळदीची पेठ, म्हणून इथं प्रत्येक जण हळदीचा वैद्य आहे. आमटीतली हळद खुशाल खा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र लिव्हर नाजूक असलेल्यानं लांबच ठेवाव्यात, त्यांच्यानंही लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत.

आणि शेंगा. आमच्याकडे चांगल्या शेंगा बाजारात जातात आणि गाळ घरात राहतो. चिरमुटलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे कुटात जातात, टाकवत नाहीत म्हणून. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं. ते एकटंही लिव्हरच्या कॅन्सरला कारण होतं, आणि सोबत बी असेल तर धोका नुसती बेरीज न राहता कैक पटींनी वाढतो. भाजून, कुटून ते पुरतं जात नाही. आक्काचा डबा मी उपडा करून निवडायला बसवलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण निवडलं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी, ही दाजींना आता जन्मभराची. गोळीनं कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. हर्नियाचं ऑपरेशन जानेवारीत दुसऱ्या एका हॉस्पिटलात झालं. सकाळी पहिल्या नंबरला, किटचं नावही न काढता.

विट्याच्या बहिणीचा रिपोर्ट आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी फोन आला. “आमची वैशू सहावा महिना चालूय. तिचं बघाल का?” नाव मी बदललंय. वैशू कऱ्हाडला दिलेली. तिचंही कार्ड पॉझिटिव्ह, व्हायरल लोड कोटीच्या घरात. म्हणजे आजी, आई, लेक, आणि पोटात चौथी पिढी. खरं तर गरोदरपणातल्या पहिल्या तपासण्यांतच हे बघायचं असतं, आणि तिची झालीही होती. रिपोर्ट फाइलमध्ये होता. कुणी वाचला नव्हता.

सासरी सांगायचं का, यावर घरात दोन दिवस खल झाला. विट्याच्या वन्सं म्हणत, पोरीला माहेरी आणू, गुपचूप करू. पण बाळाला जन्मल्यावर बारा तासांत दोन इंजेक्शनं द्यायची असतात, एका मांडीत लसीचा पहिला डोस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी. ती ऐन वेळी मिळेलच असं नसतं, आधी मागवून फ्रीजमध्ये ठेवावी लागते. हे लपवून कसं होणार? शिवाय नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. वैशूनं स्वतःच सांगितलं. सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, “लग्नाच्या आधीपासूनच होतं ना हे?” मग आठवडाभर घरात अबोला. नवरा निगेटिव्ह निघाला, त्यानं लस सुरू केली, आणि इम्युनोग्लोब्युलिनची सरकारी दवाखान्यात चौकशी करायलाही तोच गेला. व्हायरल लोड दोन लाखांच्या वर असला की आईला गरोदरपणातच टेनोफोव्हिर देतात, म्हणजे बाळंतपणापर्यंत रक्तातला विषाणू उतरतो. तिला तशी गोळी सुरू झाली.

या विषाणूचा शोध ब्लमबर्ग यांनी १९६० च्या दशकात लावला, १९७६ ला त्यांना नोबेल मिळालं. तो २८ जुलैचा दिवस त्यांच्याच वाढदिवसाचा. लस १९८० च्या दशकात आली पण महाग. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं इथंच बनवलेली स्वस्त लस आणली आणि मग ती आपल्या लसीकरणात येऊ शकली. आता जन्मल्यावर चोवीस तासांत एक डोस, पुढं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून. तरीही २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या अंगात बी होता, जगात पंचवीस कोटींवर. त्यातले बहुतेक दाजींसारखे, पोती उचलणारे.

वैशूला मुलगी झाली. रात्री अडीचला. दोन्ही इंजेक्शनं पहाटे चारच्या आत दिली, तसा फोटो तिच्या नवऱ्यानं मला पाठवला, दोन्ही मांड्यांवर कापसाचे बोळे. अंगावर पाजायचं का, यावर पुन्हा शंका निघाली. पाजायचं, लस दिलेली असली की दुधातून काही होत नाही. बाळ आता सात महिन्यांचं आहे. तिचं एचबीएसएजी नऊ महिन्यांआधी तपासायचं नसतं, कारण टोचलेल्या अँटीबॉडी आणि लसीचे अंश रिपोर्टमध्ये घोळ घालतात. हे मी सगळ्यांना सांगितलंय. तरी विट्याच्या वन्सं दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारतात, आता काढायचं का रक्त. मी म्हणते, अजून नाही. मग त्या म्हणतात, बरं, आणि बाळानं काय काय केलं ते सांगत बसतात.